चाळीतले जुने ग्रूप फोटो: साल कसं ठरवायचं, नावं कशी लावायची, कसे जपायचे?

चाळकमिटी
गिरगावातली आमची चाळ पुनर्विकासात जातेय. मंडळाच्या खोलीत भिंतीवर वीसेक ग्रूप फोटो आहेत: गणेशोत्सव, मेळा, व्यायामशाळा, भजनी मंडळ, क्रिकेटची टीम. एक चक्क कुठल्याशा बोटीवरच्या खलाशांचा आहे. बहुतेक फोटो १२ बाय १० इंचांचे, जाड पुठ्ठ्यावर डकवलेले. तीन-चार काचेला चिकटलेत. मागे कुठे फोटोवाल्याचा ठसा, कुठे पेन्सिलीने मोडीत काहीतरी, बाकीचे कोरे.

खरी अडचण एका गणेशोत्सवाच्या फोटोची. समोरच्या फलकावर 'शके १८', मग एका मुलाची टोपी आडवी आलीय, मग '५'. म्हणजे १८_५. गणपती, झेंडे, साठेक माणसं.

कमिटीतल्या काहींचं म्हणणं, सगळं स्कॅन करून ग्रूपवर टाका, काम संपलं. माझं मत असं की नावं लागली नाहीत तर ते नुसते चेहरे राहतात, तेव्हा आधी नावं. जाणकारांनी क्रम सांगावा.

रिळवाला
आधी स्कॅन. नावं विचारायला मूळ फोटो घरोघर नेलात तर चहाचा डाग पडेल, कोपरा तुटेल, नाहीतर कुणीतरी "दोन दिवस राहू दे" म्हणेल आणि तो परत येणार नाही. स्कॅनचे ए३ प्रिंट काढा आणि ते फिरवा.

रिझोल्यूशनचा हिशेब. १२ बाय १० च्या फोटोत साठ माणसं असतील तर एक चेहरा साधारण ८ मिलिमीटर रुंद. ३०० डीपीआयला (इंचाला ३०० ठिपके) त्या चेहऱ्याचे ९०-९५ पिक्सेल येतात, ६०० ला १९० च्या आसपास. माणूस ओळखायला ६०० पुरतं. १२०० ला बहुतेक वेळा कागदाचा पोतच मोठा होतो. अपवाद काचेच्या प्लेटवरून, म्हणजे काचेच्या निगेटिव्हवरून, प्लेटएवढाच काढलेला कॉन्टॅक्ट प्रिंट. त्यात बारकावा खरोखर असतो, तिथे १२०० वापरा.

फोटो कृष्णधवल असला तरी स्कॅन रंगीतच करा. पिवळेपणा, डाग, शाईचा रंग हाही पुरावा आहे. ६०० डीपीआयला १२ बाय १० म्हणजे ७२०० बाय ६००० पिक्सेल, टिफ फाइल १३० एमबीच्या घरात. ती मूळ प्रत, तिला हात लावायचा नाही. ग्रूपवर जेपेग टाका. व्हॉट्सअ‍ॅप फोटो दाबून लहान करतं, म्हणून नावं विचारायला पाठवाल तेव्हा 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा.

स्कॅनरमधलं आपोआप सुधारणा करणारं सगळं बंद: धूळ काढणे, शार्प करणे, कॉन्ट्रास्ट. धूळ काढणारी सोय कपाळावरची टिकली आणि कोटाची बटणंही पुसते.

कागदकीड
रिळवाल्यांशी सहमत, पण पुठ्ठ्यावरचे फोटो स्कॅनरवर घालताना जपून. जुना पुठ्ठा लाकडाच्या लगद्याचा, आम्लामुळे ठिसूळ झालेला आणि वाकलेला असतो. स्कॅनरचं झाकण दाबलं की तडा जातो, आणि तो पुठ्ठ्यापुरता राहत नाही, फोटोतून आरपार जातो. झाकण काढून टाका किंवा उघडंच ठेवून वर काळं कापड टाका.

शिवाय हल्लीचे पातळ, यूएसबीवर चालणारे बहुतेक स्कॅनर काचेला टेकलेलं तेवढंच स्पष्ट दाखवतात. वाकलेल्या पुठ्ठ्याचा मधला भाग दोन-तीन मिलिमीटर वर राहिला की धूसर. जाडजूड, जुन्या पद्धतीचा सीसीडी स्कॅनर मिळाला तर बघा.

ए४ स्कॅनरवर १२ बाय १० मावत नाही. दोन भागांत करा, पाव ते एकतृतीयांश भाग दोन्हीकडे यायला हवा, एक्स्पोजर दोन्हीला सारखं. जोडताना सांधा चेहऱ्यावर येऊ देऊ नका, दोन माणसांच्या मधून न्या.

सोनापूर_गल्ली
काचेला चिकटलेले फोटो पाण्यात भिजवले की सुटतात. जुने स्टुडिओवाले तसंच करायचे.

कागदकीड
@सोनापूर_गल्ली, सगळेच सुटत नाहीत. मुंबईच्या पावसाळ्यात जिलेटिनचा थर दमटपणाने फुगतो, चिकट होतो आणि काचेला धरतो. जिलेटिनचा साधा, पुठ्ठ्यावर न लावलेला कृष्णधवल प्रिंट जाणकाराच्या हातात पाण्याने सुटूही शकतो. पण फोटो खळीने पुठ्ठ्यावर लावलेला असेल तर पुठ्ठा फुगून सुटा होतो आणि त्याचा तपकिरी रंग फोटोत उतरतो. हाताने रंग भरलेला असेल तर रंग जातो. फोटोवाल्याने ब्रशने मिश्या-भुवया गडद केल्या असतील तर त्या वाहून जातात. अल्ब्युमेनचा, म्हणजे अंड्यातल्या पांढऱ्याचा थर दिलेला, असेल तर वरच्या थराला बारीक तडे पडतात.

चाळकमिटी, चिकटलेल्याला सुरी लावू नका, ओढू नका. काचेसकट फोटो काढा. गॅलरीत सावलीच्या उजेडात तसबीर उभी करा, कॅमेरा तिच्याशी अगदी समांतर, आणि कॅमेऱ्यामागे काळी चादर धरा. भोकातून फक्त लेन्स बाहेर. प्रतिबिंब जातं. काच तडकलेली असेल तर तुकडे फोटोवर घासणार नाहीत असे बाहेरून कागदी पट्टीने धरा आणि तसबीर आडवी ठेवा.

उगाचच
प्रत्येक ग्रूप फोटोत एक डोळे मिटलेला, एक भलतीकडे बघणारा आणि एक कोण ते कुणालाच ठाऊक नसलेला असतो. तिसऱ्याने वर्गणी दिलेली नसते, त्यामुळे हिशेबाच्या वहीतही सापडत नाही.

जुनी_पाटी
@उगाचच, चेष्टा ठीक, पण वर्गणीची वही खरंच शोधा. उत्सवाच्या जमाखर्चात 'फोटोग्राफर' म्हणून ओळ असते. कधी नाव, कधी किती प्रती काढल्या तेही. तेवढ्याने साल लागतं.

सालाबद्दल. शके अधिक ७८, पौषानंतरच्या जानेवारी-मार्चला ७९. गणपती भाद्रपदात, म्हणजे ७८. तुमच्या फलकाला १९०३, १९१३, १९२३, १९३३ असे पर्याय येतात, पुढे १९४३, १९५३ ही. १८१५ धरलं तर थेट १८९३, म्हणजे केशवजी नाईक चाळीचा पहिला सार्वजनिक उत्सव. तसा दावा लगेच पेपरात देऊ नका :) गिरगावात प्रत्येक दुसऱ्या मंडळाला आपला फोटो सर्वांत जुना वाटतो.

गुजराती मंडळींच्या फोटोवर विक्रम संवत असेल तर ५६ वजा, कार्तिक ते डिसेंबरअखेर ५७. पारशी यझदेगर्दी साल असेल तर ६३० किंवा ६३१ मिळवा. एकाच गल्लीत तिन्ही कालगणना सापडतात, ही मुंबईच.

ठशावरचा पत्ता बघा. 'सँडहर्स्ट रोड' असेल तर तो एकोणिसाव्या शतकातला नाही. लॉर्ड सँडहर्स्ट १८९५ ते १९०० गव्हर्नर होते, रस्ता शहरसुधारणेच्या इम्प्रूव्हमेंट ट्रस्टने त्यानंतर काढला. 'मुंबई ४' असा नुसता विभागाचा आकडा असेल तर बहुधा १९७२ च्या पिनकोडच्या आधीचा. नामांकित फोटोवाले 'राजा दीनदयाळ' यांचं नाव आणि मुंबईचा पत्ता असेल तर १८९६ किंवा नंतरचा, कारण इथला स्टुडिओ तेव्हा उघडला. आणि मराठी ठशात 'मुंबई' आहे यावरून काहीच ठरत नाही, मराठीत ती आधीपासून मुंबईच.

एक धोका: ठसा प्रिंटचं वय सांगतो, क्षणाचं नाही. जुन्या फोटोचा फोटो काढून नव्या पुठ्ठ्यावर लावणं सर्रास चाले. अशा प्रतीत मूळ पुठ्ठ्याची कड किंवा जुन्या सुरकुत्यांची सपाट छायाचित्रं दिसतात. हाताला मात्र ती सुरकुती लागत नाही.

हायपो
कपड्यांवरून साल काढणार असाल तर एक गोष्ट आधी समजून घ्या. जुन्या प्लेटला लाल रंग दिसत नसे. सुरुवातीच्या प्लेट फक्त निळ्या-जांभळ्या उजेडाला जागत, नंतरच्या ऑर्थोक्रोमॅटिक हिरव्या-पिवळ्यालाही, पण लालाला दोन्ही आंधळ्या. सर्व रंग घेणाऱ्या प्लेट १९०६ पासून विकत मिळत, तरी स्टुडिओवाले पुढे कितीतरी वर्षं ऑर्थोच वापरत, कारण ती लाल दिव्यात बघत बघत डेव्हलप करता येई.

परिणाम: लाल पगडी काळी, कुंकू काळं, कोळ्याची लाल टोपी काळी, लालभडक लुगडं काळं. आकाश पांढरं फटक. फिकट निळा सदरा पांढरा. गोरा माणूसही सावळा. "सगळे काळ्या पगडीत आहेत, म्हणजे शोकसभा" असले निष्कर्ष काढू नका.

माणूस हलून पुसट आलाय यावरूनही साल काढू नका. त्याआधीच्या, जागेवरच रसायन लावून ओली असतानाच वापरायच्या कोलोडियन प्लेटला उघड्यावरही काही सेकंद लागत, १८८० नंतरच्या कोरड्या प्लेटला सेकंदाचा अंश पुरे, हे बरोबर. पण साठ माणसं चार रांगांत स्पष्ट यायची तर लेन्सचं भोक बारीक करावं लागे, वर चाळीच्या चौकातली सावली. अर्धा-एक सेकंद सहज जाई, आणि टोपण हाताने काढून लावायचं. १९२५ च्या फोटोतलं पोरही भुतासारखं पुसट येऊ शकतं.

खुर्च्यांची रांग बघा, सरळ नसते. दोन्ही टोकं कॅमेऱ्याकडे वळवून कमान केलेली असते, कारण त्या लेन्सना सपाट रांग कडेला स्पष्ट धरता येत नसे. कामात मुरलेला फोटोवाला यावरूनच कळतो. मागची रांग बाकांवर, तिच्या पुढची जमिनीवर उभी, मग खुर्च्या, मग सतरंजीवर पोरं. मधल्या खुर्चीवर अध्यक्ष, त्याच्या शेजारी देणगीदार. काम केलेला सेक्रेटरी बहुधा टोकाला उभा.

वरच्या कोपऱ्यात अंडाकृती चौकटीत वेगळा चेहरा असेल तर तो माणूस त्या दिवशी गैरहजर होता. कुणाच्या मांडीवर फ्रेम असेल तर तो बहुधा दिवंगत.

माझगावकरीण
बायकांच्या ग्रूप फोटोंकडेही बघा, चाळीत ते भिंतीवर नसतात, ट्रंकेत असतात. हळदीकुंकू, शिवणवर्ग, भगिनी मंडळ. पोलक्याच्या बाह्या उपयोगी: खांद्याला फुगा असलेल्या विसाव्या शतकाच्या आरंभाच्या आसपास, मग सरळ कोपरापर्यंत. पण म्हाताऱ्या बाईचे कपडे वीस वर्षं जुन्या रीतीचे असतात, तेव्हा साल नेहमी सगळ्यांत तरुण मुलींवरून काढा.

फोटो उलटा छापलाय का तेही तपासा. काचेची प्लेट उलटी ठेवली की डावं-उजवं फिरतं. मराठी नेसणीचा पदर डाव्या खांद्यावर, पुरुषांच्या कोटाचा वरचा खिसा डावीकडे. सगळ्यांचंच उलटं दिसलं तर प्रिंट उलटा आहे आणि 'डावीकडून उजवीकडे' लिहिलेली नावंही चुकीच्या माणसांना चिकटणार. फक्त एकीचाच पदर उजवीकडे असेल तर ती गुजराती पद्धतीने नेसली असेल.

आमच्या भागातल्या बेने इस्रायली, म्हणजे मराठी बोलणाऱ्या ज्यू, कुटुंबांच्या फोटोंबद्दल: शाळेचे, सिनेगॉगचे, लग्नाचे फोटो आणि त्यांवरची मराठी नावं १९४८ नंतर मोठ्या प्रमाणात इस्रायलला गेली. माझगावच्या शाळेचा किंवा सॅम्युअल स्ट्रीटच्या १७९६ च्या सिनेगॉगपुढचा फोटो हातात असेल तर त्याची दुसरी, नावांसकट प्रत तिकडे कुणाच्या तरी कपाटात असण्याची शक्यता दांडगी. तिथल्या मराठी मंडळींना विचारा, मराठीतच.

नाखवा
खलाशांच्या फोटोबद्दल कुणीच बोललं नाही.

पुढच्या रांगेत लाइफबॉय, म्हणजे बुडणाऱ्याला टाकायचं तरंगतं कडं, धरलेला असेल तर त्यावर बोटीचं नाव आणि खाली नोंदणीचं बंदर असतं. ते वाचून जहाजांच्या नोंदवहीत पाहा. बोट ज्या साली पाण्यात उतरली त्याच्या आधीचा फोटो असू शकत नाही, भंगारात गेली त्यानंतरचाही नाही. पण कंपन्या जुनं नाव नव्या बोटीला देत, एका नावाच्या दोन-तीन बोटी निघतात. मग धुराडी मोजा, एक की दोन.

माणसं: गळ्यात साखळी आणि शिट्टी असेल तो सारंग, म्हणजे खलाशांचा मुकादम, त्याच्या हाताखाली तांडेल. कमरेचा लाल पटका हायपोंच्या हिशेबाने काळा दिसेल. पी अँड ओ सारख्या ब्रिटिश बोट कंपनीत डेकवर रत्नागिरीकडचे आणि गुजरात किनाऱ्याचे, इंजिनात पंजाबी-पठाण आगवाले, सलूनमध्ये (प्रवाशांच्या जेवणखाणाच्या कामाला) गोव्याचे अशी विभागणी होती, आणि फोटोही खात्यावार काढत. पांढरा बंद गळ्याचा कोट आणि ओळीने चकचकीत बटणं असतील तर सलूनवाले.

तुमच्या चाळीत तो फोटो का, याचं उत्तर बहुधा गावकीच्या खोलीत आहे. गिरगाव-गिरणगावात कोकणातल्या एकेका गावाची खोली असे, वर्गणी काढून घेतलेली. नोकरीवर येणारा-जाणारा तिथे उतरे, बोटीवर गेला की ट्रंक तिथे ठेवे. धोबीतलाव-माझगावच्या बाजूला गोव्याच्या गावांचे क्लब, म्हणजे कूड, अगदी तेच काम करत: वेदी, गावच्या संताचं फेस्त, आणि त्या दिवशीचा ग्रूप फोटो. कुडीच्या फलकावरचं साल स्थापनेचं असतं, फोटोचं नव्हे. पुष्कळ जण इथेच फसतात.

जुनी_पाटी
गावकीच्या फलकावरून आणखी एक. 'जि. कुलाबा' असेल तर १९८१ च्या आधीचा, तेव्हा तो रायगड झाला. मालवण-कुडाळ-सावंतवाडीच्या मंडळाने 'जि. रत्नागिरी' लिहिलं असेल तरी तेच, सिंधुदुर्ग १ मे १९८१ चा. १९५०-६० च्या दशकांतल्या फोटोंना हे फार उपयोगी, कारण तिथे कपड्यांवरून काही कळत नाही, सगळेच पांढरा सदरा आणि लेंगा.

शंकासुर
फोटोतलं सगळं खरंच असतं हे गृहीत का धरताय? मुंबईच्या जातीजमातींचे जे सर्वांत जुने छापील ग्रूप फोटो म्हणून फिरतात, ते विल्यम जॉन्सनच्या १८६३ आणि १८६६ च्या दोन खंडांतले. त्यातली माणसं एकीकडे घेतलेली आणि मागचं देऊळ, तलाव, बंदर दुसऱ्याच प्लेटवरून जोडलेलं. सावल्या एका दिशेच्या आणि इमारतीची उन्हं दुसऱ्या दिशेची. ती मंडळी त्या जागी कधी उभीच नव्हती.

१८९६-९७ च्या प्लेगच्या फोटोंचंही तसंच. जनरल गेटेकरच्या सरकारी प्लेग कमिटीच्या काळात घरझडतीची पथकं, जातवार प्लेग इस्पितळांचे डॉक्टर-परिचारिका-रुग्ण यांचे फोटो काढले गेले, ते लंडनच्या वेलकम संग्रहात बघता येतात. झडतीचा फोटो म्हणून जे आहे त्यात सगळे कॅमेऱ्याकडे तोंड करून स्तब्ध उभे. झडती अशी होत नाही. सरकारला आपली शिस्त दाखवायची होती.

हायपो
@शंकासुर, मान्य, पण चाळीचा फोटो आणि सरकारी आल्बम एका मापाने मोजू नका. चाळीच्या फोटोचे पैसे फोटोतल्यांनीच दिलेत. त्यातलं नाटक त्यांचं स्वतःचं: कोण खुर्चीवर, कोण सतरंजीवर, कुणाला बोलावलंच नाही. तेच तर वाचायचंय.

सोनापूर_गल्ली
ए.आय. ने रंग भरून घ्या की. नव्या बिल्डिंगच्या लॉबीत मस्त दिसेल.

हायपो
लॉबीत लावा, पण खाली 'रंग काल्पनिक' लिहा. लाल की काळा हे प्लेटनेच पुसून टाकलंय, संगणक ते कुठून आणणार? तो पगडीला काळी समजून काळीच रंगवतो. आणि चेहरा 'स्पष्ट' करणारं अ‍ॅप चेहरा शोधत नाही, बनवतं. तसला चेहरा दाखवून म्हाताऱ्या माणसाला "हे कोण?" विचारलंत तर उत्तरही बनावटच मिळणार.

मी_वाचक
वाचनखूण साठवली. एक प्रश्न: हे फोटो छापायला कुणाची परवानगी?

जुनी_पाटी
१९५७ च्या कॉपीराइट कायद्यात प्रकाशित फोटोला प्रकाशनानंतर ६० वर्षं हक्क होता, २०१२ च्या दुरुस्तीपासून फोटोवाल्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं. आणि पैसे देऊन काढून घेतलेल्या फोटोचा पहिला हक्क, वेगळा करार नसेल तर, काढून घेणाऱ्याचा. म्हणजे बहुधा मंडळाचाच. जुन्या फोटोवाल्याच्या वारसांना शोधत बसायची पाळी सहसा येत नाही. त्याचं नाव मात्र खाली द्या.

रिळवाला
नावं लावायची पद्धत, कारण चाळकमिटींचा मूळ मुद्दा तोच होता.

रांगेने मोजू नका. 'तिसरी रांग, डावीकडून सातवा' यात दोन रांगांच्या मधे डोकावणारी मुंडकी राहून जातात आणि पुढचे सगळे एकाने सरकतात. ए३ प्रिंटवर ट्रेसिंग पेपर ठेवून प्रत्येक डोक्याची बाह्यरेषा काढा आणि आत आकडा टाका. खिडकीतल्या, जिन्यावरच्या, अर्ध्या कापल्या गेलेल्यालाही आकडा.

मग वही: आकडा, नाव, हाक मारायचं नाव, खोली नंबर, गाव, सांगणारा कोण, तारीख, आणि खात्री / बहुतेक / ऐकीव. शेवटचा रकाना विसरू नका. दोन म्हाताऱ्यांना एकत्र बसवू नका. मोठ्या आवाजाचा बोलतो आणि दुसरा मान डोलावतो. वेगवेगळं विचारा, जुळलं तर 'खात्री'. आधी नाव सुचवू नका. "हे अमुकच ना?" म्हटलं की ते अमुकच होतात.

मूळ फोटोच्या मागे लिहायचंच असेल तर मऊ पेन्सिलीने, पुठ्ठ्याच्या कडेला, फोटो पालथा घालून न दाबता. बॉलपेनचा वण पुढे उमटतो, जेलपेन झिरपतं.

चाळकमिटी
सगळ्यांचे आभार. शके १८_५ चा फोटो भिंगाखाली बघितला. मागच्या तीन रांगांत पांढऱ्या गांधीटोप्या पुष्कळ. व्हरांड्यात विजेचा दिवा आणि लाकडी पट्टीतलं वायरिंग. डावीकडच्या पोराच्या हातात तीन पट्ट्यांचा झेंडा, मधली पट्टी पांढरी आणि तिच्यात चरख्यासारखं काहीतरी. वरची-खालची दोन्ही गडद.

हायपो
मग १९०३ आणि १९१३ बाद, गांधीटोपी १९२० नंतरची. १९२३ ही जवळजवळ बाद. १९२१ पासून चाललेल्या झेंड्यात पांढरी पट्टी वर, मग हिरवी, मग लाल, आणि चरखा सगळ्या पट्ट्यांवरून पसरलेला. वर केशरी, मधे पांढरा, खाली हिरवा आणि चरखा पांढऱ्यात, हा १९३१ चा. ऑर्थो प्लेटवर केशरी गडद, हिरवाही बऱ्यापैकी गडद. तुमचं वर्णन १९३१ नंतरच्याशी जुळतं. चक्र नाही म्हणजे जुलै १९४७ च्या आधीचा. उरले १८५५ आणि १८६५, म्हणजे १९३३ किंवा १९४३.

शंकासुर
१९३३ ला काँग्रेस बेकायदा होती, जानेवारी १९३२ पासून. गणपतीपुढे उघड झेंडा धरून फोटो? आणि १९४३ म्हणजे 'चले जाव' नंतरचं वर्ष, तेही तसलंच. मला दोन्ही पटत नाहीत. झेंडा घरी शिवलेला असेल, पट्ट्यांचा क्रम कुणी तपासला होता?

माझगावकरीण
बंदी होती म्हणून पोराच्या हातात असेल, अध्यक्षांच्या हातात नाही! आणि घरी शिवला तरी जो तेव्हा दिसत होता तसाच शिवणार.

पण झेंड्यावर भांडण्यापेक्षा सतरंजीवरच्या पोरांपैकी एकाचं तरी नाव लावा आणि त्याचा शाळेचा दाखला शोधा. १९३३ आणि १९४३ मध्ये दहा वर्षांचा फरक आहे. सात वर्षांचं पोर आणि सतरा वर्षांचा मुलगा यात कुणी गफलत करणार नाही.

नाखवा
+१. आणि टोपीमागे आकडा लपवलेल्या पोराचंच नाव लावा, नुकसानभरपाई म्हणून.

चाळकमिटी
त्याचं नाही लागलं. पण त्याच्या शेजारच्याबद्दल दोघांना वेगवेगळं विचारलं, नाव एकच आलं. घरच्यांकडे दाखला आहे, जन्म १९२६. फोटोत दुधाचे दात पडलेले दिसतात. म्हणजे शके १८५५, १९३३.

आता काचेवाले तीन राहिले. त्यांना नव्या जागी कसं ठेवायचं?

कागदकीड
भिंतीवर मूळ लावू नका, स्कॅनचा प्रिंट लावा. मूळ आडवे, सपाट, आम्लरहित कागदात गुंडाळून जाड खोक्यात. खोकं लोखंडी कपाटात, जमिनीपासून वर, बाहेरच्या भिंतीला न टेकवता. ओल तिथूनच येते. सिलिका जेल ठेवा, पण पावसाळ्यात दर पंधरा दिवसांनी रंग बघून तापवा, नाहीतर ती नुसती शोभा. डांबरगोळ्या नकोत. लॅमिनेशन अजिबात नको, ते परत निघत नाही. चिकट पानांचे प्लास्टिक आल्बमही नकोत.

काचेवाले तीन काचेसकटच खोक्यात जातील. पण आधी मागची जुनी फळी काढून बघा, वाळवी आणि कसर तिथेच दडते. खिळे पकडीने सरळ ओढून काढा, हातोडीने ठोकू नका. फळीला आतून वर्तमानपत्र चिकटवलेलं असतं, ते फाडून टाकण्याआधी तारीख वाचून घ्या. फ्रेम कधी केली ते त्यावरूनच कळतं.

सोनापूर_गल्ली
सेलोटेप लागलेली असेल तर?

कागदकीड
जुनी, पिवळी पडून आपण होऊन सुटणारी असेल तर सुटू द्या. घट्ट असेल तर तशीच ठेवा आणि स्कॅन करा. नेलपॉलिश रिमूव्हर कुणी सुचवेल, त्याला खोलीबाहेर काढा.